गतिरोधक आला, उतरा

प्रमोदनं जुनी एस्टीम बसकी करायचं ठरवलं, तेव्हा दीक्षानं एकच हट्ट धरला होता, की स्प्रिंगा कापायच्या नाहीत. गाडी रोजची, रस्ता साखऱ्याचा, जागोजागी गतिरोधकांचा आणि मागच्या सीटवर गुडघ्यांनी बेजार झालेली सासू. मग त्यानंच समजावलं होतं, "कॉइलओव्हर बसवू. स्प्रिंग आन् शॉकअप एकातच असतंय. पान्यानं रिंग फिरवली की गाडी पाहिजे तवा खाली, पाहिजे तवा वर."

गाडी खाली गेली ती वर आलीच नाही. माणसं बसली की तिचं पोट गतिरोधकाला घासायचं, म्हणून प्रमोद मागं न बघता म्हणायचा, "उतरा." त्याची माय सोजराबाई दार धरून उतरायच्या, फुफाट्यातून लंगडत पुढं जायच्या आणि परत बसायच्या. जरा वर करा, असं दीक्षानं म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "चारी चाकं काढावी लागतेत. खेळ हाय का तो?"

रविवारी सकाळी दीक्षा अंगणात आली, तर चारी चाकं निघालेली आणि प्रमोद शीळ घालत रिंगा फिरवून राहिलेला.

"हापिसातल्या साहेबांना सिद्धेश्वरचं धरण दाखवायचंय," तो म्हणाला. "आपल्याच गाडीत येऊन राहिले."

दीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"व्हती तशी खाली करा. गतिरोधक आला की साहेबांनाबी म्हणा, उतरा. तुमची माय रोज उतरती. त्यांच्या गुडघ्यांना काय धाड भरली?"