दोनशे गोल

माझी भाची हुशार आहे. मामा म्हणून कौतुक करतोय असं समजू नका, कारण आमच्या घराण्यात हुशारीची लागण फारशी कोणाला झालेली नाही. मी ताईकडेच राहतो आणि पोस्टात पत्रांवर शिक्के मारतो. माझी ताई एका रुग्णालयाच्या धुलाईखात्यात दिवसभर चादरींच्या घड्या घालते. आणि भाऊजी पेंटर. भिंती रंगवणारे नव्हेत बरं का! तसं त्यांच्यासमोर म्हणून बघा, आठ दिवस चहा विचारणार नाहीत. ते अक्षरं रंगवतात. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, बोटींची नावं. आता सगळीकडे छापील फलक लागतात, तरी ज्यांना डोळे आहेत ते अजून भाऊजींकडेच येतात, असं भाऊजींचं म्हणणं.

भाचीला घरात सगळे मनी म्हणतात. रस्त्यावर जेवढी म्हणून लंगडी, काणी, खरजुली मांजरं होती, तेवढी हिने लहानपणी उचलून घरी आणली, त्यावरून ते नाव पडलं. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. त्यासाठी एक प्रवेशपरीक्षा असते. तीन तास, दोनशे प्रश्न. प्रत्येक प्रश्नापुढे चार बारके गोल, त्यातला बरोबर उत्तराचा गोल काळ्या पेनने भरायचा, बस्स. ही परीक्षा आयुष्यात तीनदाच देता येते, आणि मनीच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. पहिल्या वर्षी शेवटचे त्रेचाळीस प्रश्न राहिले. दुसऱ्या वर्षी ती आणखी जीव तोडून अभ्यासाला लागली, तेव्हा अडतीस राहिले. जे सोडवले ते जवळजवळ सगळे बरोबर, पण दोन्ही वेळा घंटा आधी वाजली.

“मुलगी हुशार आहे, पण संथ आहे,” असं क्लासच्या सरांनी ताईला सांगितलं. माझं डोकंच फिरलं. संथ? मनी? मी वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याचा पहिला शब्द जुळवतोय तोवर ही माझ्या खांद्यावरून वाकून आडवे शब्द संपवून उभ्यांना लागलेली असते. सरांना मी चार शब्द सुनावणार होतो, पण ताईने मला क्लासच्या जिन्यातूनच मागे ओढलं.

तिसऱ्या परीक्षेला दोन महिने उरले, तेव्हा मी ठरवलं की प्रकरण आपल्या हाती घ्यायचं. एका सुट्टीच्या सकाळी मनीला जेवणाच्या टेबलाशी बसवली, समोर खरीखुरी प्रश्नपत्रिका आणि गोलांची उत्तरपत्रिका ठेवली आणि मी हातात घड्याळ घेऊन शेजारी ठाण मांडलं. समोरचं दार उघडं होतं. बाहेर पडवीत भाऊजी एका दंतवैद्याची पाटी रंगवत होते.

पहिला प्रश्न तिने वाचला, कडेला काहीतरी खरडलं आणि बावीस सेकंदांत उत्तर काढलं. वा! मग तिने उत्तरपत्रिका किंचित तिरकी केली. मान कलली. जिभेचं टोक दातांत आलं. पेनचं टोक गोलाच्या काठावर टेकवून तिने आधी आतल्या बाजूने काठ फिरवून घेतला, कुठेही रेष न ओलांडता. मग काठाकडून मध्याकडे येत येत, एकही पांढरा कण न ठेवता, गोल भरला. थोडी मागे सरून तिने तो पाहिला. मग दुसरा प्रश्न.

मी घड्याळ पाहिलं. गोलाला अठरा सेकंद. मी बाहेर पाहिलं. पडवीत भाऊजींची मान कललेली, जिभेचं टोक दातांत, आणि ब्रश अक्षराच्या काठाने आतून फिरतोय. बापलेकींना कोणीतरी एकाच साच्यातून काढून एकाला आत आणि एकाला बाहेर बसवावं तसं ते दृश्य होतं. मी कागद ओढून गुणाकार केला. दोनशे गोल, प्रत्येकी अठरा सेकंद. बरोब्बर एक तास!

“मने,” मी म्हटलं, “तीन तासांतला एक तास तू रंगकाम करतेस.”

तिला पटेना. मी घड्याळ दाखवलं, तेव्हा ती पेन खाली ठेवून स्वतःच्या हाताकडे बघत बसली. दोन वर्षं तिने अभ्यास दुप्पट केला होता, झोप निम्मी केली होती, आणि चूक होती ती त्या चिमुकल्या गोलांत. मला आधी हसू आलं आणि मग तिचा चेहरा पाहून आवरावं लागलं.

“मग पटकन भर की,” मी म्हटलं. “मध्ये दोन फटकारे मारायचे आणि पुढे पळायचं.”

“नाही होत मामा. अर्धवट भरलेला गोल दिसत राहतो. पुढचा प्रश्नच वाचता येत नाही.”

होणार कसं? ही पोर चार वर्षांची असल्यापासून बापाच्या मांडीशी बसून अक्षरांची पोटं भरत आली. रंग काठाला भिडला पाहिजे आणि काठ ओलांडता कामा नये, हे तिने बाराखडीच्या आधी पाठ केलंय. भाऊजींनी तिला कधी अभ्यासावरून टोकलं नाही, पण वाकडा काठ दिसला की अख्खं अक्षर पुसायला लावायचे.

मग मी तिला माझी विद्या शिकवायला घेतली. शिक्का मारताना कोणी शोभा बघत नाही. धाड, पुढचं पत्र, धाड, पुढचं पत्र. मी कोऱ्या गोलांचे गठ्ठे छापून आणले आणि रोज संध्याकाळी टाळ्या वाजवत तिच्यामागे उभा राहायला लागलो. “मार! पुढे! मार! बघू नकोस मागे!” मी टाळ्या वाजवत असेपर्यंत ती झकास घाण करायची. पण खरी प्रश्नपत्रिका दिली आणि मी गप्प बसलो की बाराव्या-पंधराव्या प्रश्नाला मान कलायचीच. परीक्षेच्या वर्गात मी टाळ्या वाजवायला कुठून जाणार होतो?

त्यात चौथ्या दिवशी भाऊजी ब्रश धुवायला आत आले आणि त्यांनी तो गठ्ठा पाहिला. एकेक कागद उचलून त्यांनी उजेडात धरला.

“हे कोणी केलं?”

“मनीने,” मी ऐटीत म्हटलं. “मी शिकवलं.”

“तू माझ्या पोरीला घाण करायला शिकवतोस?”

“भाऊजी, ती परीक्षा आहे, दंतवैद्याची पाटी नाही!”

“पोस्टमास्तर, हात एकदा बिघडला की बिघडला. चांगलं काम करायला दहा वर्षं लागतात आणि वाईट करायला तुझे चार दिवस पुरतात.” मी पोस्टमास्तर नाही, कधी होणारही नाही, पण रागावले की ते मला तशी बढती देतात. मीही काहीबाही बोललो. मग तीन दिवस आमचा अबोला होता आणि मिठाची बरणीसुद्धा ताईमार्फत इकडून तिकडे जात होती.

तिसऱ्या दिवशी ताईचा बांध फुटला. मनी क्लासला गेली होती. ताईने जेवता जेवता हात थांबवला आणि सरळ विचारलं, “तुम्हाला ती नापास व्हायला हवीय का?”

भाऊजींनी मान वर केली नाही. बराच वेळ ते बोटाने ताटात रेघा मारत राहिले.

“तिच्यासारखा हात मी पाहिलेला नाही,” ते शेवटी म्हणाले. “माझ्यापेक्षा चांगला आहे. वर्षभरात ती माझ्या पुढे जाईल. दोन वेळा तिचं झालं नाही, तेव्हा मला वाईट वाटलं. पण थोडं बरंही वाटलं.”

इतकी वर्षं त्या माणसाची थट्टा करतोय, पण असं काही त्याच्या पोटात असेल अशी मला शंकासुद्धा आली नव्हती.

“मग तिला तसं सांगा,” ताई म्हणाली. “तिला आवडलं तर ती बसेल तुमच्याशेजारी. पण वेळ पुरला नाही म्हणून घरी राहिलेली पोर तुम्हाला चालेल?”

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून भाऊजी क्लासच्या कार्यालयात गेले आणि रांगेत उभे राहिले. दोन तासांनी परत आले ते तडक माझ्यापुढे.

“ते गोल माणूस तपासत नाही म्हणे. मशीन तपासतं. मध्ये काळं दिसलं की झालं.”

“मी तेच सांगत होतो.”

“तू ओरडत होतास,” ते म्हणाले. “कोणी बघतच नाही, हे नव्हतंस सांगितलं.” आणि अबोला सुटला.

संध्याकाळी त्यांनी मनीला पडवीत बोलावलं. दोन पेनं, दोन कोऱ्या उत्तरपत्रिका. “रंगाचा पहिला हात कसा मारतो आपण?”

“जाडसर,” ती म्हणाली. “भराभर. नुसतं लाकूड झाकायचं.”

“काठ बघतो का?”

“नाही.”

“मग हे गोल म्हणजे पहिला हात. दुसरा हात नाहीच. फळी झाकायची आणि पुढे सरकायचं. चल, मीही भरतो.”

आणि त्यांनी पहिला गोल भरला. काठाला भिडलेला, सुबक, आरशासारखा. मनी खो खो हसायला लागली. “बाबा, हा तर पाटीवर लावण्यासारखा झाला!” भाऊजी ओशाळले. दुसरा भरला, तोही तसाच. तिसरा तर आणखी छान. कपाळावर घाम आला बिचाऱ्यांच्या. मग त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं.

“उजव्याला नाही जमणार,” ते म्हणाले. “त्याला सवय नाही.”

डाव्या हाताने भाऊजींनी जे काय काढलं ते बघण्यासारखं होतं. कुठे शेपूट, कुठे पोट सुटलेलं, कुठे नुसताच ओरखडा. प्रत्येक गोलाला त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं होत होतं, पण ते थांबले नाहीत. त्यांच्याकडे बघत बघत मनी भरत होती, आणि कधी नव्हे तो तिचा हात सैल पडला. बापाने स्वतः घाण केल्याशिवाय तिला घाण करायची मुभाच नव्हती, हे माझ्या टाळ्यांना काय कळणार! रोज शंभर गोल त्यांनी भरले, शंभर तिने. महिनाअखेर तिने पूर्ण प्रश्नपत्रिका नऊ मिनिटं राखून संपवली. तेव्हाही मी गप्प होतो, आणि तरी तिची मान सरळ राहिली.

परीक्षेहून आल्यावर ती काही बोलेना. “कसा गेला?” विचारलं की म्हणायची, “दोनदा ‘बरा गेला’ म्हणून तोंडावर पडलेय मी. पेपर बघायला मिळेल, तेव्हा बघा.” आठ दिवस आम्ही तिच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत होतो आणि ती आमच्यासमोरून चेहरा फिरवत होती.

नवव्या दिवशी प्रत्येकाची उत्तरपत्रिका आणि बरोबर उत्तरांची यादी बघायला खुली झाली. मी पोस्टातून दोन्ही छापून आणल्या. सगळ्यांत आधी भाऊजींनी हात पुढे केला. चष्मा लावला, कागद टेबलावर सपाट केला आणि पहिल्या गोलावर बोट ठेवलं. बोट एकेका गोलावरून खाली सरकायला लागलं. दिवे होते सगळे! कुठे शाई बाहेर आलेली, कुठे अर्धाच भरलेला, एकाला तर दोन शेपट्या. मनी खुर्चीमागे नखं खात उभी होती. मला वाटतं, गुणांपेक्षा तिला त्या बोटाचीच जास्त भीती वाटत होती.

बोट शेवटच्या रांगेच्या टोकाला येऊन थांबलं.

“दोनशे,” भाऊजी म्हणाले. “एकही रिकामा नाही.”

त्यांनी चष्मा काढला. “काय घाण करून ठेवलीयस गं पोरी,” ते म्हणाले. त्यांनी मागे हात करून तिचं डोकं ओढून घेतलं आणि आपल्या गालाशी धरलं. ताई पदराने डोळे पुसत ओरडत होती, “अहो, आधी उत्तरं तर तपासा!”

यादी मी वाचली. एकशे शहाऐंशी बरोबर. गेल्या वर्षी एकशे एकाहत्तरला प्रवेश मिळाला होता. मी आकडा सांगितला आणि मनी आईच्या गळ्यात पडली. मग दोघींनी मिळून मलाही ओढलं, आणि मी रडलो नाही असं मी सगळीकडे सांगतो.

“कॉलेज किती लांब आहे रे?” भाऊजींनी मला विचारलं.

“आठ तास.”

“आठ तास,” ते म्हणाले आणि उठून पडवीत गेले.

थोड्या वेळाने मीही बाहेर गेलो. एक कोरी फळी भिंतीला टेकवलेली होती, ब्रश भिजत पडला होता आणि भाऊजी पायरीवर नुसते बसले होते. मी शेजारी बसलो.

“सुट्टीत येईल ती,” मी म्हटलं.

“येईल की.” त्यांनी आपले दोन्ही हात गुडघ्यांवर उलटे ठेवले आणि थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. “जनावरांना टाके घालावे लागतात ना रे?”

“लागतात.”

“सुरेख घालेल ती,” ते म्हणाले.