एकशे साडेएकतीस

वजनकाट्यावर चढताना हाल्वर डोळे मिटून घ्यायचा. आकड्याची भीती वाटायची म्हणून नव्हे. भीती वाटायचे दिवस केव्हाच सरले होते. नुसती सवय. सूट आणि बुटांसकट काट्यावर उभं राहायचं, कुणीतरी आकडा म्हणायचं आणि आपण उतरायचं.

"चालतंय, पण दोनशे ग्रॅम कमी असतं तर या लांबीच्या स्कीवर बाद होऊन घरी गेला असतास," काट्यावरचा माणूस म्हणाला.

स्कीवरून लांब उडी मारायच्या या खेळात हलका माणूस लांब जातो. फार हलका झाला तर मात्र नियमाने त्याच्या स्की छोट्या होतात, आणि छोट्या स्कीवर लांब जाता येत नाही. म्हणजे उपाशी राहायचं, पण मापात. हाल्वरला ते नऊ वर्षांत इतकं साधलं होतं की आता भूकही विचारून लागायची. सकाळी त्याने अर्धी कुरकुरीत भाकरी आणि त्यावर तपकिरी चीजचा कागदासारखा एक काप खाल्ला होता. बाबाने, म्हणजे गुन्नारने, समोर बसून तो अर्ध्या भाकरीचा सोहळा पाहिला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला होता, "शाळेतल्या केअरटेकरची जागा अजून रिकामी आहे. नाही झालं तर नाही झालं, काय?"

"बघू," हाल्वर म्हणाला होता.

काँटिनेंटल कप हे नाव मोठं भारदस्त आहे. नावाइतकं बाकी काही नाही. वरच्या स्पर्धेला, वर्ल्ड कपला, तीस हजार माणसं घसा फोडून ओरडतात. इथे स्कार्मोच्या टेकडीखाली मोजून दोनशे, त्यातली निम्मी कुणाच्या ना कुणाच्या घरची आणि उरलेली वॅफलसाठी आलेली. हा खरं तर एक जिना. सतरा-अठरा वर्षांची पोरं दोन-दोन पायऱ्या गाळत वर जातात, पडती माणसं कठडा धरून खाली येतात आणि मधल्या पायरीवर हाल्वरसारखे कुणी बसून असतात. चार वर्षांपूर्वी तो वर जाऊन आला होता. अकरा उड्या मारल्या, एकदा तेविसावा आला, परत आला. आता तो एकोणतीस वर्षांचा होता.

आज मात्र हिशेब सरळ होता. हंगामाच्या पहिल्या टप्प्याचा तक्ता आज बंद होणार होता. हाल्वर आणि क्विरिन नावाचा एक ऑस्ट्रियन पोरगा बरोबरीने पुढे होते. आज दोघांत जो पुढे राहील तो तक्त्यात पहिला, आणि पहिल्याला वर्ल्ड कपचं दार उघडं. प्रशिक्षक शेतिलने व्हॅनमध्येच सांगून टाकलं होतं. ओठाखाली तंबाखूची पुडी दाबून तो नेहमी समोरच्या रस्त्याशी बोलल्यासारखा बोलायचा.

"पहिला आलास तर वर जाशील. दुसरा आलास तर पुढच्या वर्षी संघात जागा नाही. मी भांडलो रे, पण वरच्यांना विशीच्या आतली पोरं हवीत."

"बरं," हाल्वर म्हणाला.

"बरं काय? शिव्या तरी दे!"

हाल्वरने शिव्या शोधून पाहिल्या. सापडल्या नाहीत. दोन वर्षांपासून त्याचं हे असंच चाललं होतं. हरलं की वाईट वाटत नव्हतं, जिंकलं की बरं वाटत नव्हतं. हवेतसुद्धा काही होत नव्हतं, आणि हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. हवेत काही होत नसेल तर माणूस एवढ्या उंचावरून उडी टाकतो कशाला?

पहिल्या फेरीत तो दुसरा आला. क्विरिन दीड गुणाने पुढे. मधल्या सुट्टीत बर्फ पडायला लागलं, आणि लांबी मोजणारे कॅमेरे एकापाठोपाठ एक आंधळे झाले. वायर गेली, पाणी शिरलं, जो तो आपलं ज्ञान पाजळत होता. शेवटी पंचांनी ठरवलं, दुसरी फेरी माणसं मोजतील.

स्कार्मोत मोजणारी माणसं अजून उभी राहतात. कॅमेरे आल्यापासून त्यांची गरज नाही, तरी दर स्पर्धेला ती उतारावर कडेने ओळीत उभी असतात, थर्मासातली कॉफी पीत. प्रत्येकाच्या वाट्याला थोडे मीटर. उडी आपल्या वाट्यात उतरली की हात वर करायचा आणि आकडा ओरडायचा. आजवर कॅमेरे आंधळे झाले नव्हते, म्हणून त्यांना सगळे हसायचे. आज एकदम त्यांचे भाव वधारले.

एकशे तीस आणि एकशे एकतीसचे मीटर गुन्नारचे. चाळीस वर्षं तो तिथेच उभा होता. एकशे बत्तिसाची पाटी लागली की शेजारच्या बोर्गहिल्ड काकूंची हद्द सुरू.

"अरे, बाप पोराचं माप घेणार?" व्हॅनपाशी कुणीतरी म्हणालं. "आपला तो बाब्या!"

स्कार्मोचे लोक हसले. त्यांना गुन्नार माहीत होता. हाल्वर अकरा वर्षांचा असताना छोट्या टेकडीवरच्या स्पर्धेत गुन्नारने त्याला अर्धा मीटर कमी दिला होता. पोरगा तिसऱ्याचा चौथा झाला आणि घरी येऊन ओक्साबोक्शी रडला. गुन्नारने त्याला समजावलं नाही की जवळ घेतलं नाही. "शंका आली तर कमी धरायचं, सगळ्यांचंच," तो म्हणाला. "आणि मोजणाऱ्याने पायांकडे बघायचं. तोंडाकडे बघितलं की माप चुकतं."

हाल्वर वर जाऊन आडव्या दांडीवर बसला. त्याच्यामागे एकटा क्विरिन राहिला होता. खाली बर्फाच्या पडद्याआडून गाव दिसत होतं, शाळेचं छप्पर, लाकूडगिरणी, एक बस. दिवा हिरवा झाला. मचाणावर शेतिलने झेंडा खाली मारला आणि हाल्वरने दांडी सोडली.

घसरणीच्या टोकाशी पाय ताणले गेले आणि तो हवेत गेला, नेहमीसारखाच. मग खालून वारा आला. फार नव्हता, छातीखाली कुणीतरी तळहात धरावा एवढाच. आणि हाल्वरला तो लागला! वारा सूटला लागतो, स्कीला लागतो हे त्याला ठाऊक होतं. हा त्याला स्वतःला लागला. गालांवर बर्फ टोचत होतं, तेही कळलं. आपण हवेत आहोत हे त्याला दोन वर्षांनी कळलं, आणि इतका आनंद झाला की उतरायचं आहे याचाच क्षणभर विसर पडला. मग जमीन वर आली, उजवा पाय पुढे, डावा मागे, गुडघे वाकले. उतरताना डोळ्याच्या कोपऱ्यातून एकशे बत्तिसाची पाटी दिसली, जेमतेम अर्धा मीटर पुढे.

एकशे साडेएकतीस. यात शंका नव्हती. ज्याने आयुष्यात वीसेक हजार उड्या मारल्या त्याला आपण कुठे उतरलो हे गुणांचा फळा बघून कळत नसतं. ते तळपायांना कळतं.

खाली थांबून त्याने मागे पाहिलं. गुन्नारचा हात वर होता. मग फळ्यावर आकडा आला. एकशे एकतीस.

क्विरिन आला. त्याची उडी आखूड पडली, पण फार नाही. फळ्यावर बेरीज व्हायला वेळ लागला. ऑस्ट्रियन पोरगा पहिला, हाल्वर दुसरा. फरक चार दशांशाचा.

या टेकडीवर अर्ध्या मीटरचे नऊ दशांश गुण होतात.

शेतिल मचाणावरून धडपडत खाली आला. तंबाखूची पुडी त्याने थुंकून टाकली होती.

"कुठे उतरलास?"

हाल्वर बुटांची स्कीवरची पकड सोडवत होता.

"ए, तुझ्याशी बोलतोय! पंधरा मिनिटं आहेत तक्रार द्यायला. शेजारच्या मोजणाऱ्याला विचारतील, बर्फातली खूण बघतील. मला वरून जास्त वाटली. तू सांग, कुठे उतरलास?"

हाल्वरने उताराकडे पाहिलं. गुन्नार आपल्या जागेवर उभा होता, निळी टोपी, हात खिशात. चाळीस वर्षं. तक्रार दिली असती तर पंच चढून त्याच्यापाशी गेले असते, टेप काढली असती, आणि दोनशे माणसांसमोर गुन्नारचं माप खोटं ठरलं असतं. खोटंच होतं ते. सकाळची भाकरी हाल्वरला आठवली. शाळेतली रिकामी जागा आठवली. बापाने मुद्दाम केलं, हे त्याला आकडा वाचल्यासारखं स्वच्छ कळलं. माझं पोर घरी येऊ दे, दोन घास खाऊ दे, म्हणून त्याने जन्मात पहिल्यांदा खोटा हात वर केला होता.

राग यायला हवा होता. हाल्वर वाट बघत उभा राहिला. आला नाही. मघाशी हवेत जे काय जागं झालं होतं तेही विझत चाललं होतं, थंडीत बोटं जातात तसं, आधी टोकं, मग बाकीचं.

"एकतीस," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

शेतिलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

बक्षीस समारंभाला ऑस्ट्रियाचं राष्ट्रगीत मधेच अडकलं आणि पुन्हा पहिल्यापासून लागलं. हाल्वर दुसऱ्या पायरीवर उभा राहिला, टाळ्या वाजवल्या, क्विरिनशी हात मिळवला. पोरगा रडत होता. हाल्वरला त्याचा थोडा हेवा वाटला, जिंकल्याचा नव्हे, रडण्याचा.

गाडीपाशी बोर्गहिल्ड काकूंनी त्याला गाठलं आणि वॅफल हातात कोंबलं.

"खा मेल्या, हाडं वाजतायत तुझी! आणि खरं सांगू? मला वाटलं तू माझ्याच अंगणात पडतोयस, इतका जवळ आलास. पण गुन्नारचा हात वर गेला. गुन्नारपुढे कोण बोलणार बाबा, तो तर देवाचंही माप अर्धा मीटर कमी धरेल."

हाल्वरने वॅफल खिशात ठेवलं.

घरी मटण आणि कोबी शिजत होता. गुन्नारने सकाळीच भांडं चढवून ठेवलं होतं, अख्ख्या मिऱ्यांसकट. पाच वाजता दोघे जेवायला बसले. आई बर्गनला राहायची, तिच्या नव्या संसारात. टेबलाला दोनच खुर्च्या होत्या. गुन्नारने पोराच्या ताटात भरपूर वाढलं. हाल्वरने पहिला घास घेतला. आता मापात राहायचं कारण उरलं नव्हतं. चव मात्र लागत नव्हती.

गुन्नार स्वतः जेवत नव्हता. काटा हातात धरून बसला होता.

"एकतीस नव्हतं ना?" त्याने विचारलं.

हाल्वर चावत राहिला. "साडेएकतीस होतं."

"असेल."

"असेल म्हणजे? तू मोजलंस."

"नाही मोजलं." गुन्नारने काटा खाली ठेवला. "मी पाय बघितलेच नाहीत."

हाल्वरने वर पाहिलं.

"तू वरून येत होतास आणि हसत होतास," गुन्नार म्हणाला. "चष्म्याखाली सगळे दात दिसत होते. लहानपणी अंगणातल्या ढिगाऱ्यावरून उड्या मारायचास ना, तसा. मी किती वर्षांत बघितलं नव्हतं. बघतच राहिलो. खाली नजर गेली तोवर तू निघून गेला होतास. मग शंका आली, म्हणून कमी धरलं." तो थांबला. "चाळीस वर्षांत असं झालं नाही रे. आणि झालं ते नेमकं तुझ्या वेळी."

"मला वाटलं तू मुद्दाम केलंस."

गुन्नारला आधी ते कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"मुद्दाम? तुझं?"

तो उठला. खुर्ची मागे सरकली. "पंचांचा नंबर आहे माझ्याकडे. मी सांगतो, माझं चुकलं. लिहून देतो. शेतिललाही लावतो फोन..."

"पंधरा मिनिटांत द्यायची असते तक्रार, बाबा."

"मग तू का नाही दिलीस?"

हाल्वरने ताटातला कोबी काट्याने बाजूला सारला. गुन्नार फोन हातात घेऊन उभा होता. उत्तर त्याला हळूहळू आपोआप कळलं, आणि तो परत खुर्चीवर बसला. फोन टेबलावर उपडा ठेवला.

हाल्वरने हात उचलून आपल्या तोंडाला लावला. ओठ गार होते, मिटलेले. आपण हसलो होतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. वर जायची आयुष्यातली शेवटची संधी गेली होती, आणि ती एका हसण्यापायी गेली होती, आणि ते हसणं त्याचं असून त्याने पाहिलं नव्हतं. पाहिलं ते एकट्या गुन्नारने.

"कसा हसत होतो?" त्याने विचारलं.

"कसा म्हणजे?"

"करून दाखव."

गुन्नार लाजला. सहासष्ट वर्षांचा, नाकासमोर चालणारा माणूस. असल्या नकला त्याने कधी केल्या नव्हत्या. पण पोराने मागितलं होतं, आणि आज तो पोराचं देणं लागत होता. त्याने मान पुढे काढली, दोन्ही हात मागे नेले, आणि तोंड उघडून सगळे दात दाखवले. वरची कवळी जरा सैल झाली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी त्याने तोंड मिटलं नाही, तसाच धरून ठेवलं, माप चुकू नये म्हणून.

हाल्वर बघत राहिला. ताटातला कोबी निवून गेला.