लिहिलेलं नाही, पण असंच असतं

शनिवारी सकाळी बुद्धिबळ स्पर्धेसाठी लीड्सच्या चर्च हॉलमध्ये पोचलो, तर भिंतीवरच्या कागदावर ईशिताचं नाव पेनानं खोडलेलं दिसलं. पंधराशे रेटिंगच्या खालच्या गटातून तिला वरच्या गटात टाकलं होतं. मागच्या खेपेला त्याच गटात दाढीवाल्या माणसांशी सगळे डाव हरून तिनं कितीतरी दिवस पटाला हात लावला नव्हता.

"आई, मी चीटिंग केली का?"

मग मात्र मी आयोजकांच्या टेबलाकडे निघाले. माझा नवरा पुष्कर मागून कुजबुजला, "जाऊ दे ना गं, खेळेल वर. उगाच तमाशा नको." या देशात आल्यापासून 'उगाच तमाशा नको' आम्ही मिठासारखं वापरतो.

स्पर्धा चालवणारे ग्रॅहम चहा ढवळत होते. "नॉटिंगहॅमच्या स्पर्धेत छान खेळली ती. रेटिंगच्या पुढच्या यादीत पंधराशे ओलांडणार. अशांना आम्ही वर पाठवतो."

"पण तुमच्या नियमात या महिन्याची यादी म्हटलंय. तिच्यात ती खालीच आहे."

"हो, हे लिहिलेलं नाही. पण सगळ्यांना माहीत आहे. कोणालाही विचारा."

पण विचारा म्हणाले ना, विचारते.

कमलाकरकाका कोपऱ्यात पट मांडत होते. माझ्या जन्माआधीपासून इथल्या क्लबात खेळतात. ते तरी आपल्या बाजूनं बोलतील असं वाटलं.

"आहे गं अशी पद्धत," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू?"

तरी विचारलंच, "कोणाला पाठवलेलं बघितलंत?"

"ती जुळी पोरं. मग एक चष्मेवाली मुलगी..."

"आणि मोठ्या माणसांना?"

काकांच्या हातातला घोडा तसाच राहिला. "गेल्या वर्षी मीच ओलांडणार होतो की. कोणी हलवलं नाही. उलट खालच्या गटाचा कप दिला."

"काका, हे तिकडे सांगाल?"

"अगं, कप शोकेसमध्ये आहे माझ्या!" ते हसायला गेले. मग ईशिताकडे पाहिलं आणि उठले.

काकांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांनी सांगितलेलं अख्ख्या हॉलनं ऐकलं. ग्रॅहम लाल झाले. "मग काय, कप परत घेऊ?"

"नको," मी म्हटलं. "पण फक्त मुलांनाच लागतो तो नियम कसला? सगळ्यांसाठी लिहा, मग मी स्वतः तिला वर नेऊन बसवीन. आज जे लिहिलंय तसं खेळू द्या."

ग्रॅहम उठून भिंतीवरच्या कागदापाशी गेले. मग पेन काढून खोडलेल्या नावाशेजारी पुन्हा 'ईशिता' लिहिलं.

फेरी सुरू झाल्यावर पालकांच्या खोलीत एक बाई दबकत जवळ आली. "माझ्या मुलालाही असंच वर पाठवलं होतं," ती म्हणाली. "मी थँक यू म्हणाले त्यांना."

पुष्करनं तिच्यासाठी खुर्ची ओढली.