चाळीसचा मण

यंत्रशास्त्राच्या पेपरात जीवराम पाटील एकदा आपटला होता. दुसऱ्यांदा आपटला तर ओव्हरसिअरच्या वर्गातून नाव कमी, असा धुळ्याच्या त्या संस्थेचा नियम होता. म्हणजे पुन्हा असोद्याला जायचं आणि बापासोबत जन्मभर कापसाच्या सऱ्या धरायच्या. गिरधर पाटलाने मुलाला शेतातून सोडलं तेव्हाच बजावलं होतं की, परत आलास तर पुन्हा जाण्याची गोष्ट काढू नकोस. जीवरामचे हे आबा रागीट नव्हते, पण शब्दाचे पक्के होते.

पहिल्या वेळी घात केला तो पाठांतराने. इंग्रजी पुस्तकातले फूट, पौंड, हंड्रेडवेट, आणि त्यांच्या उरावर सरकारने नुकतेच आणलेले मीटर-किलो, सगळं त्याने घोकून घेतलं होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये त्याचा असा काला झाला की, टनाला किती पौंड हेही धड आठवेना. दीक्षित सर भले गृहस्थ. त्यांनी त्याला बोलावून सांगितलं, घोकू नकोस. प्रत्येक माप घरी जाऊन हातात धर, डोळ्यांनी बघ, मग ते विसरणार नाही. देशी मापं तर या इंग्रजी पुस्तकात सापडणारच नाहीत, ती तुझी तूच काढ.

भल्या माणसांच्या सल्ल्यांनी आजवर किती जण बुडाले, याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीत जीवराम घरी आला तो खिशात फूटपट्टी घालूनच. दाराची उंची मोजली, विहिरीची खोली दोर सोडून मोजली, मोटेत किती पाणी मावतं तेही काढलं. त्याची आई धुरपदाबाई शेजारणीला म्हणाली की, पोरगं शिकून आलं की खुळावून, तेच समजत नाही. पण पोराला खरोखर समजायला लागलं होतं. जोर, भार, उतार या गोष्टी आजवर नुसत्या फळ्यावरच्या बाणांत होत्या, त्या आता त्याच्या खांद्याला जाणवत होत्या. बैल चढावर का मान खाली घालतो, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. आता ते त्याला कागदावर मांडता येत होतं, आणि त्या आनंदात त्याला जेवणाची शुद्ध राहत नव्हती.

राहिला होता तो मण. मणाचे पौंड किती, हे कुणीच छातीठोक सांगेना. मग आयतीच संधी आली. गावात तोताराम नानांची वखार होती आणि निम्मं असोदं आपला कापूस तिथंच घाली. नाना भावकीतलेच, लग्नाकार्यात पुढे असणारे, गोड बोलणारे. गिरधरचा दहा मण कापूस नानांच्या काट्यावर मोजून झाला आणि तोच माल जळगावच्या जिनिंग कारखान्यात पोचवायला नानांनी गिरधरचीच गाडी सांगितली. जीवराम गाडीवर बसून गेला. जिनिंगमधल्या मोठ्या काट्यावर पौंड कळत. त्याने तिथल्या माणसाला गळ घालून निव्वळ मालाचं वजन विचारून घेतलं. आठशे चौसष्ट पौंड. दहा मणाचे आठशे चौसष्ट, म्हणजे एका मणाचे शहाऐंशी आणि वर थोडे.

परतीच्या वाटेवर त्याने मोठ्या हौसेने हे आबांना सांगितलं. आबांनी बैलांना हाकारलं आणि दुसऱ्याच कशाची तरी गोष्ट काढली.

धुळ्याला पाचव्या गल्लीत जीवरामची खोली होती आणि खोलीत सोबती होता पंडित, तोताराम नानांचा थोरला. पंडितला यंत्रशास्त्राची अक्षरशः धडकी भरे. उतारावरच्या गाडीचं वजन कुठल्या दिशेने दाखवायचं, हेच त्याला उमगत नसे. जीवरामने त्याला काडेपेटी आणि तिरकी धरलेली पाटी घेऊन शिकवलं, एकदा नाही, दहादा. अशाच एका अभ्यासात मणाचा आकडा आला. जीवरामने पाटीवर शहाऐंशी पूर्णांक चार लिहिलं आणि हे आपण स्वतः मोजून काढलंय, म्हणून जरा छाती फुगवून सांगितलं. पंडित त्या आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, पुढचं गणित घेऊ.

परीक्षेत पहिलाच प्रश्न जणू जीवरामसाठी काढलेला होता. वीस मण माल भरलेली बैलगाडी घाटाच्या चढावर आहे, बैलांना किती पौंडांचा जोर लावावा लागेल, दोर किती जाड हवा, वगैरे वगैरे. मणाचे पौंड दिलेले नव्हते, ते ज्याचे त्याने घ्यायचे होते. जीवरामने गाडी काढली, बाण काढले, जुवाचं लाकूडसुद्धा काढलं. इतकं सुबक उत्तर त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाचं नसेल, हे मी पैजेवर सांगतो.

निकालात पंडित पास झाला आणि जीवराम चार गुणांनी गेला.

तो दीक्षित सरांकडे धावला. सरांनी त्याच्याकडून प्रश्न पुन्हा सोडवून घेतला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. मण ब्याऐंशी पौंडांचा, हे शहाऐंशी तू कुठून आणलेस? पहिली ओळ चुकली म्हणून खालची प्रत्येक ओळ चुकली, आणि बाहेरगावच्या परीक्षकाने सगळ्यावर काट मारली. जीवरामने वखारीची आणि जिनिंगची हकिगत सांगितली. सरांनी कागदावर भागाकार केला. मग म्हणाले, तुझं मोजणं चोख आहे. फक्त तुमच्या गावचा मण चाळीस शेरांचा नाही, बेचाळीस शेरांचा आहे. मणामागे दोन शेर कुणीतरी खातंय.

चोरी जीवरामच्या डोळ्यांदेखत झाली होती आणि त्याने ती माप म्हणून लिहून घेतली होती. सर हळहळले, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. नाव कमी झालं.

खोलीवर पंडित सामान बांधत होता. जीवरामने त्याला एवढंच विचारलं की, पेपरात तू मणाचे किती धरलेस. पंडितने ब्याऐंशी सांगितले.

"आणि मी पाटीवर शहाऐंशी लिहिले, तेव्हा तुला चूक दिसली होती?"

पंडितने ट्रंकेचं कुलूप लावलं. "दिसली होती. पण सांगितलं असतं, तर शहाऐंशी कुठून आले हे तू शोधलं असतंस. मग मी काय तोंड दाखवलं असतं?"

जीवरामला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, याची चीड त्याला पुढे वर्षभर पुरली.

घरी आल्यावर त्याने आबांना सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं, आबा भडकतील, काठी घेऊन वखारीवर जातील. आबा ओट्यावरून उठलेही नाहीत.

"वजनाच्या पारड्यात तो दगड नेहमी पडेल राहे, तो तुले दिसे नही का?" ते म्हणाले. "कडत्याचा दगड हाये तो, घट-तूट म्हनून जास्तीचा माल घ्याचा. दोन शेराचा. साऱ्या गावाले ठाऊक. मले वाटलं, तुलेबी ठाऊक असीन."

दगड त्याने लहानपणापासून पाहिला होता. तो काट्याचाच भाग आहे, असं त्याला वाटे. सर्वांना ठाऊक होतं म्हणून कुणी बोललं नाही, आणि कुणी बोललं नाही म्हणून एकटा शिकणारा तेवढा अडाणी राहिला. त्या दिवशी त्याला नानांपेक्षा बापाचाच जास्त राग आला.

पुढचा कापूस निघायच्या सुमारास गावात किलोची लोखंडी वजनं आली. सरकारी माणूस जुने शेर आणि दगड उचलून घेऊन गेला, त्यात कडत्याचा दगडही गेला. पण गावाला किलो कळेना, लोक मणातच बोलत राहिले. नानांनी जीवरामला बोलावलं. पोरगं हिशेबाचं आहे, घरी बसून काय करतंय, काटा सांभाळू दे, असं ते आबांना म्हणाले. जीवरामला आधी ते नको वाटलं. मग वाटलं, दगड तर गेला. आपण काट्यावर बसलो तर निदान एक काम सरळ होईल. रात्रभर डोकं शिणवून त्याने नेमकं गणित मांडलं. चाळीस शेरांच्या खऱ्या मणाला सदतीस किलो आणि वर तीनशे ग्रॅम.

सकाळी वखारीसमोर गाड्या लागल्या होत्या. नानांनी गणित ऐकून घेतलं आणि मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"चाळीस किलोचा मन धर," ते हळूच म्हणाले. "चाळीस म्हटलं का कोनी बोलत नही."

जीवराम म्हणाला, "नाना, चाळीस किलो म्हणजे जवळजवळ त्रेचाळीस शेर होतात. पहिल्यापेक्षाही जास्त."

"ते तुले समजते. त्याहिले नही समजत. म्हनून तर तुले बसवलं."

नाना आत गादीवर जाऊन बसले. तिथून काटा दिसत होता. पहिली गाडी गिरधर पाटलाची होती. आबांनी कापसाचं गाठोडं पारड्यात टाकलं, रिकाम्या पारड्यात दगड नाही हे वाकून पाहिलं आणि विचारलं, "आता मन कितीचा धरता रे?"

जीवरामने एकदा गादीकडे पाहिलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलं, आणि पंडितसारखंच त्यानेही ते गिळलं.

"चाळीसचा," तो म्हणाला.

आबांचा चेहरा उजळला. मागच्या गाडीवाल्यांकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, "आयकलं का भाऊ? माह्यं पोरगं काट्यावर आलं न् मन चाळीसचा झाला."

गाडीवाल्यांनी माना डोलावल्या. जीवरामने पारडी सारखी केली आणि किलोची वजनं एकेक करून चढवायला घेतली.