पाहुणी आली, मशीन लावा

दवाखान्याच्या धुतलेल्या चादरी नर्सबाईनं परत आणून धोबिणीच्या ओट्यावर टाकल्या. म्हणाली, मावशी, धुवायच्या आधी यांना बरा वास येत होता.

धोबीण आमच्या शेजारची. तोंडाची फटकळ, पण कामात खोट नाही. तिला ते फार लागलं. दोष तिच्या हातांचा नव्हता, नदीचा होता. वर शहर, खाली आम्ही. शहरानं पोट साफ करायचं आणि आम्ही त्यात कपडे पिळायचे, असा न्याय. पाण्यावर फेस, काठाला काळा गाळ. म्हशीसुद्धा नाक फुरफुरवून माघारी फिरायच्या. अक्कल म्हशीला होती, शहराला नव्हती.

तसं शहरानं मैलापाणी साफ करायचं केंद्र बांधलं होतं. आणि ते चालवणारा माणूस म्हणजे धोबिणीचाच जावई. सोयरीक जमली तेव्हा आमचे जावई नदी साफ करतात म्हणून तिनं गावभर मिरवलं होतं. आता गाव तेच शब्द तिच्या पदरात घालत होतं.

तिनं चादरींचं गाठोडं उचललं आणि तडक केंद्र गाठलं.

तिथं एक मोठी टाकी आहे. तिच्यातले जंतू घाण खातात, पण त्यांना खालून सारखी हवा सोडावी लागते. हवा थांबली की जंतू मरतात आणि घाण आली तशी नदीत जाते. हे जावयानंच तिला कधीतरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आज टाकी निपचित पडली होती. वर इतकी जाड साय, की कावळा खुशाल चालत होता. जावई खोलीत पंख्याखाली बसलेला. जंतूंची हवा बंद, याची चालू.

"आई, साहेबांचा हुकूम आहे," तो चाचरत म्हणाला. "हवेचं मशीन वीज फार खातं. पाहुणे तपासायला आले की लावतो."

"मग मी कोण? पाहुणीच ना? लावा."

त्यानं मुकाट्यानं लावलं. तिची पाठ वळली तसं बंद केलं. पण ती गावी गेलीच नव्हती. लेकीच्या घरी मुक्काम टाकून बसली होती. लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, राहा हवं तितकं, मला काय जड आहेस?

दुसऱ्या दिवसापासून जावयाचे सदरे सासूबाई धुवायला लागल्या. केंद्राचं पाणी नदीत पडतं, नेमकं तिथं. घडी अशी कडक, की सुरीनं कापावी. वास असा, की साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. घरी येऊन जावई बायकोवर चिडला. बायको म्हणाली, तुमच्याच हातचं पाणी आहे, मी काय करू?

माणूस साहेबाला भितो, पण स्वतःच्या अंगाच्या वासापुढं त्याचं काही चालत नाही. जावयानं मशीन लावलं आणि चालूच ठेवलं. मेलेले जंतू काही एका दिवसात उठून बसत नाहीत. आठवडे गेले. टाकीवरची साय फुटली, काळं पाणी तपकिरी झालं, सदऱ्याचा वास हळूहळू उतरला. खाली आमच्या म्हशी गुडघाभर पाण्यात शिरल्या. धोबिणीनं सोबत नेलेल्या चादरी तिथंच धुऊन दवाखान्यात धाडल्या, तशा नर्सबाईनं आणखी पाठवल्या. वर निरोप, की मावशींचा हात सुधारला. धोबीण त्यावर काय बोलली ते सांगण्याजोगं नाही.

साहेबांना मात्र हुकूम मोडलेला कळला. त्यांनी नदी स्वच्छ केल्याबद्दल स्वतःच्या गळ्यात हार घालून घेतला आणि जावयाची बदली केली बागेत, झाडांना पाणी घालायला. केंद्रावर नवा माणूस आला. त्यानं आल्या आल्या मशीन बंद केलं.

धोबीण गावी परतली तेव्हा आम्हाला वाटलं, आता ही कपाळाला हात लावून बसणार. पण ती दारोदार फिरून एकच चौकशी करत होती: त्या नव्या माणसाची सासू कुठल्या गावची?