अर्ध्या फळ्यांचा बंधारा

मित्रांनो, मी एक जुना बंधारा आहे आणि खरे सांगतो, मला आता वैताग आला आहे. माझा एक खांदा शहापूर तालुक्यात, दुसरा मुरबाडात. मधून नदी जाते आणि नदीच्या मधून हद्द.

मला दोन्ही काठांवरच्या गावांनी मिळून बांधले. तेव्हा दोन्ही काठांवर वाल, भेंडी, काकडी पिकायची आणि माझे कौतुक व्हायचे. पुढे माझ्या दुरुस्तीवरून भांडण झाले. इकडची कचेरी म्हणे बंधारा तिकडचा, तिकडची म्हणे इकडचा. पावसाळा सरला की पाणी अडवायला माझ्या खांबांमधल्या गाळ्यांत फळ्या बसवतात; चिडलेल्या गावकऱ्यांनी त्या फळ्याच वाटून घेतल्या. अर्ध्या फळ्यांनी नदी अडते का कधी?

गेल्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, कापलेले भात भिजवून गेला आणि एकाएकी गडप झाला. फळ्या लगेच लावायला हव्या होत्या. पण दोन्हीकडे एकच बोलणे, "आदी त्यांनी लावाव्या." तोवर पाणी वाहून चालले होते.

शेवटी शहापूरच्या काठावरची सकुबाई उठली. तिचे माहेर पलीकडच्याच काठावर. दर उन्हाळ्यात हंडा घेऊन कोसभर चालून ती कंटाळली होती. तिने आपल्या गावच्या फळ्या बसवल्या. सगळे पाणी उरलेल्या गाळ्यांतून धो धो निघाले. तशी ती तिथेच, पाण्यात जाऊन उभी राहिली.

पलीकडून तिचा भाऊ काळूराम ओरडला, "सके, भायेर ये गो! गारठशील."

"तुमच्या फळ्या आण, मंग येतंय."

"गाव मला काय बोलंल?"

"आनि उन्हाळ्यात वयनी हंडा घेऊन वणवण फिरंल, ती काय बोलंल?"

काळूराम चरफडत गेला आणि पहिली फळी खांद्यावर घेऊन आला. मागून बायका आल्या, दोन्ही गावांच्या. त्यांनी फळ्यांमध्ये चिखल ठासला. पाणी चढत माझ्या अंगाला टेकले, तेव्हा कित्येक वर्षांनी मला आठवले की मी बंधारा आहे.

यंदा होळीनंतरही दोन्ही काठांना पाणी पुरले.

आता मृग जवळ आला आहे. फळ्या काढल्या नाहीत तर पहिलाच पूर मला फोडून जाईल. आणि त्या काढायच्या कोणी, यावर दोन्ही गावांत बैठका चालू आहेत!

मित्रांनो, मी कोणत्या तालुक्यात मोडतो ते सावकाश ठरवा. मी मोडण्याआधी तेवढ्या फळ्या काढा.