डावी बाजू, उजवी बाजू

पक्ष :

मानोऱ्याच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे दहावीची पोरं, मागे आया, भिंतीला टेकून बाप. व्यासपीठावर सूत्रानंद महाराज. त्यांच्या लॅपटॉपवर जरीचं वस्त्र, वस्त्राखाली त्यांची बोटं. मागच्या मोठ्या पडद्याचा डावा अर्धा भागही तसल्याच वस्त्रानं झाकलेला.

"तिकडं देवीचा वास हाय! डोकावाल तं जन्माचं गणित बुडन!"

महाराजांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले. उजव्या कोऱ्या भागावर उमटलं :

a² − b² = (a + b)(a − b)

घातांक नेमके डोक्यावर, पुस्तकात छापल्यासारखं देखणं.

"प्रगटलं वं माय!" तुळसाबाईंनी हात जोडले.

साध्य :

हा माणूस लबाड आहे.

मंजुषा मॅडमना हे सिद्ध करायचं होतं, पण खरं सांगायचं तर विज्ञानासाठी नाही. त्या जळत होत्या. बावीस वर्षं त्यांनी फळ्यावर हेच सूत्र लिहिलं, एकदाही कुणी हात जोडले नव्हते. आणि निकिता, तुळसाबाईंची लेक, वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी, आठ दिवसांपासून वहीला शिवली नव्हती. परीक्षा तीन आठवड्यांवर.

"काहून वं, सराव कोण करन?"

"महाराजानं देल्ला सूत्रांचा कागद उशाखाली ठेवला की सराव लागत नाही, मॅडम." मग खाली मान घालून, "अन् तुमचं वाकडं अक्षर पाह्यलं की आता कसंसंच होते."

ते वाक्य मॅडमना दोन दिवस जेवू देत नव्हतं.

रचना :

परीक्षेच्या हॉलमध्ये मॅडम पोरांची तोंडं पाहत नसत. हात पाहत. आजही सारा हॉल महाराजांच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत होता, आणि मॅडम वस्त्राखालच्या हालचालीकडे. सुरुवातीला डावी करंगळी दाबलेली, दुसरं बोट कीबोर्डच्या वरच्या ओळीत. मग बरंच टकटक. शेवटी पुन्हा तेच, करंगळी आणि वरची ओळ. त्यानंतरच देवी प्रसन्न.

दर वेळी. न चुकता.

सिद्धता :

मॅडम उठल्या, सरळ व्यासपीठावर चढल्या. "महाराज, मले बी दर्शन घेऊ द्या."

"बाई, भस्म व्हाल!"

"होऊ द्या." त्यांनी पडद्यावरचं वस्त्र ओढलं. डाव्या बाजूला देवी नव्हती. साध्या अक्षरांची एक ओळ होती, दोन्ही टोकांना डॉलरचं चिन्ह, करंगळी आणि वरच्या ओळीनं उमटणारं :

$a^2 - b^2 = (a+b)(a-b)$

मॅडमनी लॅपटॉप पुढ्यात घेतला आणि तसंच, दोन डॉलरांच्या मधे, दुसरं सूत्र टाइप केलं. उजवीकडे उमटलं, तितकंच देखणं :

(a + b)² = a² + b²

"पाहा! बाईच्या हातूनही देवीच बोलली!" महाराज घाईनं ओरडले. "हेच सत्य!"

मागे काहींनी पुन्हा हात जोडले. तेवढ्यात निकिता उभी राहिली.

"मॅडम, त्यातलं दोन एबी कुठी गेलं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं.

"देवी दोन एबी इसरली काय, महाराज?" एक बाप भिंतीजवळून म्हणाला.

महाराजांचं नाव किशन निघालं. पूर्वी तो प्रश्नपत्रिका टाइप करायचा. त्याला विचारत विचारत मॅडमनी सगळ्यांना दाखवलं : साधा मजकूर लिहायची ही सोय, तिला वरून जोडलेला एक छोटा प्रोग्राम, प्लगइन. दोन डॉलरांच्या मधलं ते वाचते, सूत्रासारखं मांडून दाखवते. टोपीसारखी ^ ही खूण दिली की आकडा डोक्यावर चढते. फुकट मिळते, कोणालेही.

"हे यंत्र खोटं बी खऱ्याइतकंच सुंदर मांडते," त्या म्हणाल्या. "खरं का खोटं, ते त्याले समजत नाही. ते तुमाले तपासा लागते. पडद्यावरचं असो, फळ्यावरचं असो, का माह्या तोंडचं असो. हात जोडण्याआधी सोडवून पाहा."

मग हळूच किशनकडे वळल्या. "हे माह्या लॅपटॉपवर कसं टाकतात, ते सांगून जाय."

खाली निकितानं उशाखालचा कागद पिशवीतून काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर कंसाला कंसानं गुणायला बसली. तिची बरोबरची (=) खूण मॅडमच्या फळ्यावरच्या खुणेसारखीच वाकडी होती.

मॅडमनी पडद्याकडे पुन्हा पाहिलं नाही.